डीसी ड्राइव्हचं कंट्रोल कार्ड बंद झालंय, नवीन शोधताय? आधी जुनं हातातलं सोडू नका

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पीव्हीसी पाइपचा एक्स्ट्रुडर (पीव्हीसी वितळवून स्क्रूने पाइपच्या आकारात ढकलणारं मशीन), त्यावर सीमेन्सचा सिमोरेग ६आरए७० डीसी ड्राइव्ह, म्हणजे डीसी मोटरचा वेग सांभाळणारं युनिट. आधी डिस्प्ले मधूनच जायचा आणि मशीन थांबायचं, आता डिस्प्लेच येत नाही. कंपनीकडून उत्तर आलं की मॉडेल बंद झालंय. एका डीलरने वापरलेलं सीयूडी१ कार्ड (ड्राइव्हचं मुख्य कंट्रोल कार्ड) ८५ हजारांना सांगितलं पण जुनं कार्ड एक्स्चेंजमध्ये हवं म्हणतोय, आणि मालकांचा प्रश्न की कार्ड घ्यायचं, नवा ड्राइव्ह घ्यायचा की सरळ एसी मोटर टाकायची.

सगळ्यात आधी हे सांगतो, बाकीचं निवांत वाचा. जुनं कार्ड कुणालाही देऊ नका. एक्स्चेंजमध्ये नाही, "चेक करून देतो" म्हणणाऱ्याला पावती न घेता तर अजिबात नाही. ते मेलेलं दिसत असलं तरी तुमच्या मशीनचे सगळे पॅरामीटर (सेटिंगचे आकडे) त्याच्यावरच्या मेमरीत आहेत, तुमच्या मशीनला चालणारं फर्मवेअर (कार्डातलं सॉफ्टवेअर) त्याच्यात आहे, जंपर (सेटिंगसाठी पिना जोडणारे छोटे क्लिप) कुठे लावलेत ते त्याच्यावर दिसतंय. बाजारात मिळणारं कार्ड यातलं काहीच घेऊन येत नाही. सातपूर-अंबडमध्ये असं होताना मी नेहमी बघतो, की घाईघाईत कार्ड बदललं, जुनं गेलं, आणि मग मशीन चालू होईना म्हणून मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनिअरची वाट बघत बसले, कार्ड चांगलं असून.

आता दुसरी गोष्ट. तुमचं सीयूडी१ गेलंय हे ठरवलं कोणी? कारण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत, डिस्प्ले मधूनच जाणं, थोड्या वेळाने परत येणं, थंड मशीनला सकाळी त्रास जास्त, आणि शेवटी पूर्ण अंधार, ही मला सीयूडी१ पेक्षा सप्लायची लक्षणं वाटतात. ६आरए७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा सप्लाय सीयूडी१ वर तयार होत नाही, तो खालच्या पॉवर इंटरफेस कार्डावर तयार होतो आणि तिथून वर येतो. म्हणजे इंटरफेस कार्डावरचे कपॅसिटर सुकले असतील तर तुम्ही ८५ हजारांचं सीयूडी१ लावाल आणि डिस्प्ले तरीही येणार नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं गणित साधं आहे, तापमान दर १० अंशाने वाढलं की आयुष्य निम्मं होतं, आणि एक्स्ट्रुडरच्या बॅरलजवळ उभ्या असलेल्या पॅनलमध्ये, फिल्टर पीव्हीसी पावडरने चोंदलेले, मे महिन्यात आत काय तापमान असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्यामुळे क्रम असा ठेवा. मेन बंद, लॉक, मीटरने सप्लाय गेलाय याची खात्री. मग ५यू१, ५डब्ल्यू१ आणि ५एन१ या टर्मिनलवर इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा सप्लाय येतो, त्याचे फ्यूज धड आहेत का ते बघा, आणि मोजण्यापुरता मेन परत देऊन तो येतोय का ते बघा, हा सप्लाय बऱ्याच पॅनलमध्ये कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून एखाद्या जुन्या कॉन्टॅक्टरमधून येतो आणि कॉन्टॅक्टरचा पॉइंट जळालेला निघतो. मग मेन परत बंद करून रिबन केबल. वरच्या पॅनलकडून सीयूडी१ कडे आणि सीयूडी१ कडून इंटरफेसकडे ज्या केबल जातात त्या काढून, पिना आयसोप्रोपाइलने साफ करून परत नीट बसवा. गोंदे-वाडीवऱ्हे-इगतपुरी पट्ट्यातल्या प्लांटमध्ये पावसाळ्यात निम्मे कार्डचे त्रास या कनेक्टरच्या हिरव्या पिनांचे असतात, अंबडला तेवढं नाही, पण पॅनल एसी फार थंड ठेवला आणि जुलैत दार उघडलं की आत दव धरतं हे सगळीकडे सारखंच. एवढं करून सप्लाय देऊन ५ व्होल्ट, प्लस-मायनस १५ आणि २४ मोजा, आणि फक्त मीटरने नाही तर स्कोपने (ऑसिलोस्कोपने), कारण मीटर ५.०२ दाखवतो आणि त्यावर अर्ध्या व्होल्टचा रिपल (व्होल्टेजची जलद चढउतार) बसलेला असतो, प्रोसेसर त्याने रीसेट मारतो. तुमच्याकडे स्कोप नसेल तर अंबडमध्ये कुठल्याही सीएनसी रिपेअरवाल्याकडे मिळेल.

आणि डिस्प्ले आला पण ट्रिप (फॉल्ट नंबर दाखवून ड्राइव्ह बंद) येतेय असं असेल तर नंबरकडे बघा. एफ००१ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स सप्लाय, एफ००५ फील्ड (मोटरच्या स्थिर भागाची चुंबकीय कॉइल), एफ०३० कम्युटेशन फेल (थायरिस्टर ब्रिजमध्ये करंट वेळेवर बदलला नाही), एफ०४२ टॅको (स्पीड मोजणारा छोटा जनरेटर). यातल्या एफ००५ आणि एफ०४२ ला कार्डावर दोष देऊन कार्ड बदलणारे खूप आहेत, आणि निघतं काय तर टॅकोचा ब्रश झिजलेला किंवा कपलिंग ढिलं, फील्डची वायर टर्मिनल बॉक्समध्ये सैल. एफ०३० ला आधी फ्यूज, थायरिस्टर (एसीचं डीसी करणारे पॉवर स्विच), कार्बन ब्रश आणि कम्युटेटर (मोटरच्या शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, ज्यावर ब्रश घासतात). कार्ड शेवटी.

समजा कार्डच गेलंय. तर पहिलं काम पॅरामीटर बाहेर काढणं. डिस्प्ले क्षणभर जरी येत असेल, बाहेरून बेंच सप्लाय देऊन का होईना कार्ड जागं होत असेल, तर लगेच वाचून घ्या. ६आरए७० च्या पुढच्या पॅनलवर एक्स३०० पोर्ट आहे, त्यावर सिरीयल केबल लावून ड्राइव्हमॉनिटर सॉफ्टवेअरने पूर्ण फाइल अपलोड होते, किंवा ओपी१एस हा लावायचा-काढायचा पॅनल कोणाकडे मिळाला तर त्यात सेट साठवता येतो. काहीच जमलं नाही तर बटणं दाबत मोबाइलने व्हिडिओ काढा, हसू नका, याने वाचलेली मशीन आहेत. आर०६० मध्ये फर्मवेअरचं व्हर्जन दिसतं, तेही टिपा.

कार्ड अजिबात जागं होत नसेल तरी आशा सोडू नका. पॅरामीटर साठवणारी चिप ही बहुतेक ड्राइव्हमध्ये साधी ईईप्रॉम असते, बॅटरीवर अवलंबून नसते, आणि ज्याला हात बसलाय असा माणूस ती काढून प्रोग्रॅमरवर वाचून ठेवतो. फर्मवेअर सारखं असेल तर तोच डेटा दुसऱ्या कार्डावर चालण्याची चांगली शक्यता असते. जुन्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे ८०-९० च्या दशकातल्या, खिडकीवाली ईप्रॉम असते, २७सी२५६ किंवा २७सी५१२, तिच्यावर स्टिकर असतो, तो स्टिकर काढून उन्हात ठेवू नका, अल्ट्राव्हायोलेटने ती पुसली जाते. ती वाचून बाइनरी फाइल ठेवली की पुढच्या वीस वर्षांची काळजी गेली. आणि ज्यांच्या मशीनवर डॅलसची डीएस१२२५ सारखी बॅटरी आत बसवलेली रॅम आहे त्यांनी हे आजच करा, त्या बॅटरीचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात आणि बहुतेक चिपा त्याच्या केव्हाच पुढे गेल्यात, मशीन चालू आहे तोवर डेटा आहे, दिवाळीच्या सुट्टीत मेन बंद केला की परत येताना कोरी. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मशीन उठत नाही याचं हे एक मोठं कारण आहे.

तेही नसेल तर पॅनलच्या दाराच्या खिशात कमिशनिंगचा कागद, मशीन मॅन्युअलच्या शेवटची पानं, मशीन बनवणाऱ्याची जुनी फाइल, किंवा तेच मशीन ज्यांच्याकडे आहे असा दुसरा प्लांट, या चार ठिकाणी शोधा.

आता रिपेअर. माझं स्पष्ट मत आहे की तुमचं स्वतःचं कार्ड रिपेअर करणं हा पहिला पर्याय, वापरलेलं विकत घेणं दुसरा. कारण वर सांगितलं तेच, रिव्हिजन, फर्मवेअर, डेटा सगळं जुळलेलं. कार्डवर जे जातं ते बहुतेक वेळा ओळखीचंच असतं: इलेक्ट्रोलिटिक, सप्लायमधला डायोड किंवा स्विचिंग आयसी, ऑप्टो, इनपुटचा ऑप-अँप जिथे कोणीतरी २४ च्या जागी २३० दिलेत, सिरीयल पोर्टचा ड्रायव्हर. एसएमडी कपॅसिटर गळले असतील तर नुसते बदलून चालत नाही, त्यातून गळलेलं पाणी कार्डावरचे ट्रॅक खातं, प्लेटेड होल आतून कापलं जातं, म्हणून साफ करून प्रत्येक ट्रॅकची कंटिन्युइटी बघावी लागते, आणि हेच काम लोक टाळतात आणि महिन्याने कार्ड परत येतं. सप्लायमध्ये कपॅसिटर घालताना १०५ अंशाचे, लो ईएसआरचे, नावाजलेल्या कंपनीचे. रिपेअर झालं की ॲक्रिलिकचा कन्फॉर्मल कोट (कार्डावरचा संरक्षक थर) मारून घ्या, नाशिकच्या पावसाळ्याला आणि पीव्हीसीच्या वातावरणाला ते पाहिजेच, पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते आणि ती तांबं सोडत नाही.

रिपेअर कुठे अडतं तेही सांगतो. प्रोसेसर मास्क रॉमचा (प्रोग्रॅम कारखान्यातच आत छापलेला) असेल किंवा कंपनीचा स्वतःचा एसिक (खास बनवून घेतलेली चिप) गेला असेल तर तिथे हात टेकावे लागतात, ती चिप दुसऱ्या कार्डावरूनच येणार. दुसरी अडचण हायब्रिड मॉड्यूलची. एसी ड्राइव्हच्या जुन्या गेट ड्रायव्हर (पॉवर स्विच चालू-बंद करणाऱ्या) कार्डांवर फुजीचं ईएक्सबी८४१ किंवा मित्सुबिशीचं एम५७९६२एल असतं, ही बंद झालेली मॉड्यूल आहेत आणि बाजारात जी मिळतात त्यात नकली खूप. वरचा जुना नंबर घासून काळा थर देऊन नवीन नंबर छापतात. ॲसिटोनमध्ये कापूस बुडवून पाठीवर आणि बाजूला घासा, काळं निघालं तर परत करा. डेट कोड बघा, चार आकडी असतो, ०३२२ म्हणजे २००३ चा २२ वा आठवडा, आणि सगळ्या चिपांवर एकच कोड पण पायांची चमक वेगवेगळी असेल तर संशय घ्या. साधे पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील, पण पॉवर आणि गेट साइडचं काहीही मी तिथून उचलत नाही, ते माउझर, डिजिकी, एलिमेंट१४ अशा अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून मागवतो, आणि बंद झालेल्या सेमीकंडक्टरसाठी रॉचेस्टर इलेक्ट्रॉनिक्स म्हणून कंपनी आहे जी मूळ कंपन्यांच्या परवानगीने जुने पार्ट ठेवते आणि बनवते पण. थोडे महाग पडतात. पण गेट ड्रायव्हर नकली निघाला तर त्याच्याबरोबर आयजीबीटी (मोटरला करंट देणारा पॉवर स्विच) जातो, मग स्वस्त काय पडलं ते मोजा.

वापरलेलं कार्ड घ्यायचंच असेल तर कुठे बघायचं. कंपनीला परत एकदा विचारा, पण प्रश्न वेगळा विचारा. "हे मॉडेल मिळेल का" असं विचारलं की सेल्सवाला नवा ड्राइव्ह सुचवणार, त्याचं कामच ते आहे. "या पार्ट नंबरचं स्पेअर, एक्स्चेंज किंवा रिपेअर सर्व्हिस मिळेल का" असं सर्व्हिस विभागाला लेखी विचारा. मॉडेल बंद होणं आणि स्पेअर बंद होणं या दोन वेगळ्या तारखा असतात, सीमेन्समध्ये मॉडेल बंद जाहीर झाल्यावर साधारण १० वर्षं स्पेअर देण्याची पद्धत आहे, एबीबीमध्ये ऍक्टिव्ह, क्लासिक, लिमिटेड, ऑब्सोलिट असे चार टप्पे आहेत आणि लिमिटेडपर्यंत काही ना काही मिळतं. मग आपल्याच भागात बघा. ज्या प्लांटनी रेट्रोफिट (जुन्या मशीनवर नवा ड्राइव्ह बसवणं) केलंय त्यांचे काढलेले ड्राइव्ह कुठे गेले? बहुतेक वेळा रेट्रोफिट करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या गोडाउनमध्ये किंवा भंगारात. साखर कारखाने, पेपर मिल, जालन्याच्या रोलिंग मिल, इथून डीसी ड्राइव्ह मोठ्या संख्येने निघालेत. भंगारवाल्यांकडे पण अधूनमधून पूर्ण ड्राइव्ह येतो, आणि पूर्ण ड्राइव्ह मिळाला तर तो सुट्या कार्डापेक्षा चांगला, त्यात इंटरफेस, पंखा, पॅनल, रिबन सगळं येतं. सिन्नर, सातपूर, अंबडच्या मेंटेनन्सवाल्यांचे जे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत त्यावर कार्डाचा फोटो टाका, उत्तर येतंच. सरकारी आणि मोठ्या कंपन्यांची जुनी मशिनरी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघते, पण ते घाईचं काम नाही.

परदेशातून मागवणार असाल तर कंपनीचा आयईसी (आयात-निर्यात) कोड आणि केवायसी कुरिअरकडे तयार ठेवा, आणि वापरलेलं सामान असेल तर पैसे भरायच्या आधी कस्टमच्या एजंटला विचारा, जुन्या मालाच्या आयातीला वेगळे नियम लागतात आणि नंतर पार्सल अडकलं की मशीन पण अडकतं.

डीलरला काय विचारायचं. इंटरनेटवरचा नव्हे, त्याच्या हातातल्या कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो, स्टिकर वाचता येईल असा. सीयूडी१ चा नंबर सी९८०४३-ए७००१ असतो पण तेवढ्यावर थांबू नका, पुढे एल१ की एल२, आणि फर्मवेअर कोणतं, हे जुळवा. "टेस्टेड" म्हणजे नेमकं काय केलं, नुसता लाइट लागला का ड्राइव्हमध्ये बसवून मोटर फिरवली, व्हिडिओ दाखवा म्हणा. परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आणि एक्स्चेंजची अट असेल तर सांगा की नवीन कार्डावर मशीन आठवडाभर चालल्यावर आणि जुन्याची मेमरी वाचून झाल्यावरच देणार. त्याला खरंच स्वतःच्या कार्डावर विश्वास असेल तर तो थांबेल.

रेटिंगचं एक सांगतो कारण यावरून ड्राइव्ह जळालेत. ६आरए७० मध्ये सीयूडी१ सगळ्या अँपिअरला एकच चालतं, पण पॉवर इंटरफेस कार्ड अँपिअरप्रमाणे आणि व्होल्टेजप्रमाणे वेगळं असतं, म्हणून इंटरफेस घेताना शेवटच्या आकड्यापर्यंत नंबर जुळला पाहिजे. कंट्रोल टेक्निक्सच्या मेंटॉर-२ सारख्या ड्राइव्हमध्ये करंटचं स्केलिंग बर्डन रेझिस्टरवर (ड्राइव्ह करंट मोजतो ते रेझिस्टर) असतं, कार्ड बदललं की जुन्या कार्डावरचे रेझिस्टर मोजून तेच नव्यावर आले पाहिजेत. सीमेन्सच्या मास्टरड्राइव्ह ६एसई७० या एसी ड्राइव्हला सीयूव्हीसी हे कंट्रोल कार्ड बदललं की पी०६० ला ८ करून पी०७० मध्ये पॉवर सेक्शन कोणता ते सांगावं लागतं, नाहीतर छोट्या ड्राइव्हला आपण मोठे आहोत असं वाटत राहतं आणि ओव्हरकरंटचं संरक्षण नुसतं नावाला उरतं.

कार्ड बसवताना मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तो आवाज कार्डाला पुरेसा आहे.

थेट मोटरवर जाऊ नका. डीसी ड्राइव्हला आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या वाइंडिंगच्या) जागी बल्ब लावून बघता येतं. ४१५ व्होल्टच्या पूर्ण थायरिस्टर ब्रिजमधून जास्तीत जास्त साधारण ५६० व्होल्ट डीसी निघतं, म्हणून २३० व्होल्टचे तीन बल्ब सिरीजमध्ये, दोन नाही. मोठा ड्राइव्ह असेल तर बल्बच्या करंटला थायरिस्टर लॅच होत नाही (चालू राहत नाही), तिथे हॅलोजन किंवा हीटरची कॉइल घ्या. स्कोपवर २० मिलिसेकंदात सहा पल्स, प्रत्येकामध्ये ३.३ मिलिसेकंदाचं अंतर, सहाही एका उंचीचे. एक जरी गायब असेल तर तो पल्स ट्रान्सफॉर्मर किंवा गेटची वायर, आणि तसंच मोटरवर नेलं तर ब्रशवर ठिणग्या आणि मोटर थरथरणार. टेस्टला खरी फील्डच जोडून ठेवा म्हणजे फील्ड ट्रिप पण येणार नाही आणि फील्ड करंट पण मोजून होईल. मेन पॉवरवर ४०० च्या वर व्होल्टेज उघडं असतं, हे काम एकट्याने करू नका.

पॅरामीटर परत मिळाले असतील तर डाउनलोड करा आणि तरीही मोटरच्या प्लेटशी ताडून बघा. नसतील तर शून्यापासून: पी०५१ ला २१ ने फॅक्टरी सेटिंग, मग ४० ने बदल करायची परवानगी, पी१०० मोटरचा आर्मेचर करंट, पी१०१ आर्मेचर व्होल्टेज, पी१०२ फील्ड करंट, पी१७१ आणि पी१७२ करंट लिमिट, पी३०३ आणि पी३०४ रॅम्प (स्पीड वाढायला आणि कमी व्हायला लागणारा वेळ). स्पीड फीडबॅक पी०८३ मध्ये, १ म्हणजे ॲनालॉग टॅको, २ एनकोडर (पल्स मोजून स्पीड सांगणारा सेन्सर), ३ ईएमएफ (मोटरच्या स्वतःच्या व्होल्टेजवरून स्पीड). इथे माझी पद्धत पाळाच. पहिल्यांदा पी०८३ ला ३ ठेवून, म्हणजे टॅकोशिवाय, मोटर गिअरबॉक्सपासून सोडवून हळू फिरवा आणि टॅकोचं व्होल्टेज आणि पोलॅरिटी मीटरने मोजा, प्लेटवर ६० व्होल्ट प्रति १००० आरपीएम लिहिलं असेल तर ५०० ला ३० आलं पाहिजे. ते जुळलं की पी७४१ मध्ये कमाल स्पीडचं टॅको व्होल्टेज भरा आणि मगच पी०८३ ला १ करा. टॅको उलटा जोडलेला असताना थेट सुरू केलं तर ड्राइव्हला वाटतं मोटर मागे फिरतेय, तो अजून करंट देतो आणि मोटर पळत सुटते. एक्स्ट्रुडरच्या स्क्रूला हे परवडणारं नाही. कुणी एफ०४२ मास्क करून ठेवली असेल तर ती आधी उघडा.

मग पी०५१ ला २५ ने आर्मेचर आणि फील्डच्या करंट कंट्रोलरचं ऑप्टिमायझेशन, यात शाफ्ट फिरता कामा नये, फिरला तर मोटर धरून ठेवायची सोय हवी. नंतर २६ ने स्पीड कंट्रोलर, यात मोटर खरंच फिरते म्हणून आजूबाजूला माणसं नकोत. फील्ड वीकनिंग (फील्ड करंट कमी करून स्पीड वाढवणं) वापरत असाल तरच २७. बॅरल पूर्ण तापलंय आणि मटेरियल वितळलंय याची खात्री झाल्याशिवाय स्क्रू जोडून ट्रायल घेऊ नका, थंड मटेरियलवर करंट लिमिट लागते आणि लोक म्हणतात कार्ड खराब आहे.

आता मालकांच्या प्रश्नाकडे. नवा ड्राइव्ह की एसी?

६आरए७० ची पुढची पिढी सिनॅमिक्स डीसी मास्टर, म्हणजे ६आरए८०. मोटर तीच राहते, केबल त्याच, प्रोफिबस (मशीनच्या कंट्रोलरशी बोलणारं नेटवर्क) पण आहे, आणि जुने पॅरामीटर ओळखीचे वाटतात कारण बरेचसे नंबर ५०००० मिळवून ठेवलेत, पी१०० तिथे पी५०१०० होतो, पी०५१ तिथे पी५००५१. एका शटडाउनमध्ये होणारं काम आहे. ज्यांचा ड्राइव्ह खूप मोठा आहे, शेकडो-हजार अँपिअरचा, आणि थायरिस्टर स्टॅक ठणठणीत आहे त्यांनी फक्त कंट्रोल मॉड्यूल बदलायचा विचार करावा, सीमेन्सचं ६आरए८० कंट्रोल मॉड्यूल आणि एबीबीचं रीबिल्ड किट याच कामासाठी आहे, जुना तांब्याचा बसबार आणि स्टॅक तसाच ठेवून वरचा मेंदू नवा. याबद्दल लोकांना फार माहिती नाही आणि मला वाटतं ते चुकीचं आहे, कारण मोठ्या मशीनला बहुतेक वेळा हाच सगळ्यात शहाणा मार्ग असतो.

एसीवर जायचं तर फक्त ड्राइव्हची किंमत धरू नका. डीसी मोटर त्याच किलोवॉटच्या एसी मोटरपेक्षा बुटकी असते, त्यामुळे नवी मोटर फाउंडेशनवर बसत नाही, शाफ्टची उंची जुळत नाही, कपलिंग बदलतं, एक्स्ट्रुडरला कमी स्पीडला पूर्ण टॉर्क हवा म्हणून मोटरला वेगळा ब्लोअर आणि बहुतेक वेळा एनकोडर लागतो, केबल शील्डेड घ्याव्या लागतात. फायदे पण खरे आहेत: ब्रश-कम्युटेटरची कटकट संपते, आणि डीसी ड्राइव्ह कमी स्पीडला चालतो तेव्हा पॉवर फॅक्टर पडतो तो एसी ड्राइव्हमध्ये पडत नाही. एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना महावितरणने एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-अवरवर) बिल लावलंय, म्हणजे पडलेल्या पॉवर फॅक्टरचे पैसे सरळ युनिटमध्येच जातात, तुमचं कनेक्शन एचटी असेल आणि एक्स्ट्रुडर बहुतेक वेळ अर्ध्या स्पीडला चालत असेल तर हा आकडा मालकांपुढे ठेवा. मोटरचं रिवाइंडिंग जवळ आलंय, कम्युटेटर कितीदा टर्न झालाय, इन्सुलेशन कमी येतंय, तर एसी. मोटर चांगली आहे तर माझ्या मते अजून डीसीच.

तुमच्या बाबतीत मी असं करेन: आधी सप्लाय आणि इंटरफेस कार्ड तपासून तुमचाच सेट रिपेअर, त्यावर मशीन चालू, आणि त्याच महिन्यात ६आरए८० चं कोटेशन घेऊन पुढच्या ठरलेल्या शटडाउनला बदल. वापरलेलं सीयूडी१ फक्त रिपेअर होणार नाही हे नक्की झालं तरच. ब्रेकडाउनमध्ये उभं राहून रेट्रोफिटचा निर्णय घेतला की डीलर सांगेल ती किंमत आणि मिळेल तो माल घ्यावा लागतो.

एसी ड्राइव्हवाले पण हे वाचत असतील म्हणून दोन शब्द. एसीएस८०० ला एसीएस८८०, एसीएस५५० ला एसीएस५८०, मित्सुबिशी ए७०० ला ए८००, पॉवरफ्लेक्स ७०० ला ७५० मालिका, असे उत्तराधिकारी ठरलेले आहेत आणि लहान रेटिंगला कार्ड शोधत बसण्यात अर्थ नाही, पूर्ण ड्राइव्ह बदला. भंगारातून किंवा स्टोअरमधून वर्षानुवर्षं पडलेला एसी ड्राइव्ह आणला तर थेट ४१५ देऊ नका, डीसी बसचे मोठे कपॅसिटर आतून झोपलेले असतात, कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवत ते जागे करा. आणि बंद केल्यावर निदान पाच मिनिटं थांबून बस मीटरने मोजल्याशिवाय हात घालू नका, लाइट विझला म्हणजे चार्ज गेला असं नाही.

मशीन चालू झालं की पॅरामीटर फाइल तीन ठिकाणी ठेवा, एक प्रिंट पॅनलच्या दारात. दुरुस्त करून बाजूला ठेवलेलं कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलसकट, वर फर्मवेअर आणि तारीख लिहून, आणि वर्षातून एकदा शटडाउननंतर ते ड्राइव्हमध्ये लावून एक शिफ्ट चालवा, नाहीतर स्पेअर आहे म्हणून कपाटात असतं आणि गरजेच्या दिवशी कळतं की तेही गेलंय.

आता इंटरफेस कार्डावरच्या स्टिकरचा आणि सप्लायच्या भागाचा जवळून घेतलेला फोटो, मोटरच्या प्लेटचा फोटो, आणि ५यू१-५डब्ल्यू१ वर मीटर काय दाखवतो ते इथेच खाली टाका, तेवढ्यावरून कार्ड रिपेअर होईल का ते बऱ्यापैकी सांगता येईल. डीलरला तोवर थांबा म्हणून सांगा.